मलमलचे लंगोट

गुडगावच्या नव्या कंपनीत लागल्यापासून उल्हासला रविवारही मोकळा मिळत नव्हता. अर्पिताला सातवा महिना लागला तेव्हा ती म्हणाली, "लाजपतनगरला जाऊन लंगोटांसाठी कापड बघू या. तूही चल ना."

"यार, तूच आण. नाहीतर सरळ डायपर घेऊ."

ती शेजारणीबरोबर गेली. मऊ मलमल आणून तिने एकटीनेच लंगोट शिवले. मुलगी झाली, पण उल्हासने तिचा लंगोट कधीच बदलला नाही. तो घरी यायचा तेव्हा ती झोपलेली असे.

पुढे एका सुट्टीत मुलगी ओली झालेली पाहून तो आपणहून कपाटात लंगोट शोधू लागला.

"अरे, ती आता चड्डी घालते," अर्पिता म्हणाली. "लंगोट मी खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणीला दिले."

ती सहजच बोलली, आणि उल्हासला तेच जास्त लागलं. चड्डी घेऊन तो मुलीजवळ गेला, तर ती आईला बिलगली.