बिनवायरचा कीबोर्ड

नागभीडात सरकारी भरतीचा फॉर्म भरायचा म्हटलं की माणूस धनराजच्या दुकानात जाणार, यात दुमत नाही. जाहिरात धनराज वाचणार, फोटो धनराज लहान करणार, हॉल तिकीट आलं की फोनही धनराजच करणार, "ये लवकर, तुहा कागद आला." आपण फक्त आधार कार्ड घेऊन जायचं आणि तो सांगेल तिथं सही ठोकायची. स्वतः काही वाचायचं नाही, ही तिथली रीतच पडून गेली होती. आणि खोटं कशाला बोला, माणूस हुशार होता. त्याच्या भरवशावर गावातली सात-आठ पोट्टी नोकरीला चिकटली होती.

त्याची बायको मयुरी तर घरचीच. तिनं कशाला वाचावं?

दुकानात मयुरीची खुर्ची टायपिंगची. मराठी टायपिंगला तिच्या तोडीचं त्या बाजारात कोणी नव्हतं. तलावाच्या ठेक्याचा अर्ज असो की वारसाचं प्रतिज्ञापत्र, माणूस समोर बसून बोलत जायचा आणि त्याचं वाक्य संपायच्या आत इकडे ते उमटलेलं असायचं. रामाजीसारखे मासेमारी सोसायटीचे म्हातारे तर धनराजकडे पाहतही नसत. "बाई हाये का?" विचारत, आणि बाई नसली की वाट पाहत बसत.

अशी ही मयुरी लिपिकाची लेखी परीक्षा पास झाली. जागा भामरागडच्या एका कार्यालयात होती. आता उरली होती फक्त टायपिंगची चाचणी. घरात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. भामरागड म्हणजे कुठं? पावसाळ्यात पूल बुडाले की तिकडचा माणूस तिकडे, इकडचा इकडे. मयुरीची माय शकुबाई म्हणाली, "रस्ता बंद झाला तं काय करशीन वो?" मयुरी हसून म्हणाली, "रस्ता बंद झाला तरी पगार चालू राह्यते, माय." पण पगार ही नुसती सांगायची गोष्ट होती. तिला एक टेबल हवं होतं. दाराला पाटी नसली तरी चालेल, पण टेबल तिचं. आजवर तिनं हजारो अर्ज टाइप केले आणि प्रत्येकाच्या खाली दुसऱ्याचंच नाव होतं.

धनराजनं नको म्हटलं नाही. उलट एक दिवस म्हणाला, "परीक्षेत आपला कीबोर्ड नेता येते. चाल, तुले चंद्रपूरवरून मस्त कीबोर्ड घेऊन देतो." मयुरीला भडभडून आलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. साड्या आल्या, पैंजण आले, पण तिच्या बोटांसाठी म्हणून त्यानं काही घेतलं, असं पहिल्यांदाच होत होतं.

चंद्रपूरच्या त्या दुकानात तासभर गेला. दुकानदारानं काउंटरवर पाच-सहा कीबोर्ड मांडले, सगळे मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटनाखाली स्प्रिंगचा वेगळा स्विच. निळ्या स्विचचे टकाटक वाजणारे, लाल स्विचचे गुपचूप दबणारे, आणि तपकिरी दोघांच्या मधले. मयुरीनं प्रत्येकावर तेच एक वाक्य टाइप करून पाहिलं, "अर्जदार विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की". तपकिरीवर बोट पडलं आणि तिला कळलं, हाच. बोट नुसतं टेकवावं आणि अक्षर हजर.

"मोठा नको," धनराज म्हणाला. "उजवीकडचा आकड्यांचा भाग तुले लागतच नाई. लहान घेऊ. एस्टीत पर्समध्ये बसते."

हेही पटलं. आकडे वरच्या ओळीत होतेच.

आता दोन राहिले. दोन्ही लहान, दोन्ही बिनवायरचे, दोन्हीचे स्विच तपकिरी. फरक इतकाच की एकाला वाटलं तर वायरही लावता येत होती. दुसऱ्याला वायरचं भोकच नव्हतं. तो सेलवर चालायचा आणि कॉम्प्युटरला नखाएवढं रिसीव्हर खोचलं की झालं. मयुरीचा हात पहिल्यावर होता.

"हा घेऊ का जी? लागली तं वायर राहीन."

"कायले?" धनराजनं तिच्या हातातून तो अलगद काढून घेतला. "तो चार्जिंगवाला हाये. ऐन परीक्षेत चार्जिंग गेली तं रडत बसशीन. सेल टाकले की वरीसभर पाहाचं कामच नाई. मी रोज हेच धंदे करतो नं? माह्यावर भरवसा नाई का तुहा?"

भरवसा नाही, असं कोण म्हणणार? सेलवाला बांधून घेतला. येताना एस्टीत तिनं तो खोका मांडीवरच धरला होता.

पुढचे तीन महिने मयुरीनं जीव ओतला. सकाळी टायपिंग क्लास, दुपारी दुकानात अर्ज, संध्याकाळी पुन्हा सराव, आणि सगळं त्याच कीबोर्डवर. तिची बोटं अगदी हलकी झाली. क्लासचे नागसेन सर घड्याळ लावून पाहत आणि म्हणत, "बाप्पा, बाप्पा! अवं, जरा आमच्यासाठी तं हळू चाल." एकदा त्यांनी विचारलंही, "चाचणीच्या सूचना नीट वाचल्या नं?"

"यायनं वाचल्या सर," ती म्हणाली. सरांनी मान डोलावली. धनराजनं वाचल्या म्हणजे वाचल्याच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी धनराजनं तिच्या हातात हॉल तिकीट ठेवलं. एकच कागद, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. चाचणीच्या दिवशी सेलही नवे टाकून दिले. बसस्टँडवर सोडायला आला. बस हलेपर्यंत उभा होता.

चंद्रपूरच्या केंद्रावर शंभरेक पोरं-पोरी, आणि प्रत्येकाच्या काखेत कीबोर्ड. आत गेल्यावर पर्यवेक्षक बाईंनी तिच्या कीबोर्डकडे पाहिलं आणि उलटा करून बघितला.

"याची वायर?"

"नाही मॅडम. बिनवायरचा आहे."

"चालत नाही. वायरलेस काहीच चालत नाही. सूचना वाचल्या नाहीत का तुम्ही?"

मयुरीनं हॉल तिकीट पुढे केलं. "मॅडम, यात कुठं लिहिलं आहे?"

"दुसऱ्या पानावर," बाई म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "दुसरं पान कुठं आहे तुमचं?"

मयुरीकडे दुसरं पान नव्हतं. बाईंनी केंद्रातला एक जुना कीबोर्ड लावून दिला आणि चाचणी सुरू झाली.

मराठी टायपिंगमध्ये ख, ण, श, ध अशी अक्षरं आधी अर्धी उमटतात आणि कान्याचं बटन दाबलं की पुरी होतात. त्या मेल्या कीबोर्डचं कान्याचंच बटन अडकत होतं. तीन महिने नुसतं टेकवायची सवय झालेलं बोट तिथं हातोडीसारखं आपटावं लागत होतं. शासन लिहावं तर श लंगडा, धरण लिहावं तर ध अर्धा. मागं जाऊन दुरुस्त करावं तर वेळ पळत होता. "वेळ संपला" ऐकू आलं तेव्हा पाव उतारा तसाच शिल्लक होता. मयुरीनं हात मांडीवर ठेवले. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. तेव्हाही मनात एकच होतं, बिचाऱ्याच्या नजरेतून सुटलं असेल. किती लोकांचे कागद पाहतो तो.

बाहेर झाडाखाली दिव्यानी भेटली. तिच्याच क्लासची, गावची. तिच्या हातात साधासा, लांब वायरचा कीबोर्ड होता.

"कसा गेला?" दिव्यानीनं विचारलं, आणि मयुरीच्या हातातला कीबोर्ड पाहून थबकली. "अवं, हा काऊन आनला तू? वायरवालाच पाह्यजे होता नं."

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनं म्हंजे? तुह्या धनराजभाऊनंच! हॉल तिकीट दिलं तवा दुसऱ्या पानावर पेनानं गोल करून देल्ला त्यायनं. हे पाय." तिनं दोन कागद उलगडले. स्टेपल मारलेले. सूचना क्रमांक सातभोवती निळा गोल होता. "साऱ्या पोरींले सांगत होते, वायरवालाच नेजो, नाई तं फसशीन."

मयुरीनं तो गोल पाहिला. धनराज गोल काढताना शेवटी पेन जरा बाहेर ओढतो. तो तसाच ओढलेला होता.

बसमध्ये दिव्यानी काय काय बोलत होती, तिला एक शब्द ऐकू आला नाही. परका माणूस फसवतो तेव्हा निदान शिव्या देता येतात. जेवताना शेजारी बसणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? तीन महिने रोज संध्याकाळी तो तिच्या बाजूला चहाचा कप आणून ठेवत होता आणि म्हणत होता, "कर, कर, अजून स्पीड वाढव." स्पीड वाढवत होता तो तिचा, आणि त्याला माहीत होतं की हे सारं वाया जाणार आहे.

दुकानात पोचली तेव्हा धनराज एकटाच होता.

"झाला पेपर?" त्यानं विचारलं.

"दुसरं पान कुठी हाये?"

"कोनतं पान?"

"हॉल तिकीटचं."

"नसन निंघालं. प्रिंटर कवाकवा..."

"दिव्यानीचं निंघालं. तिच्यावर तुमी गोल केला."

धनराजनं माऊस बाजूला सारला आणि खरं सांगायचं ठरवल्यासारखा बोलला. "तू भामरागडले गेली असती तं इथी कोनं पाह्यलं असतं? लोक माह्यासाठी येतेत का? तुह्या हातासाठी येतेत. दुकान बसलं असतं, मयुरी."

"मंग मले म्हनाचं नं, जाऊ नको."

"तू आयकली असती का?"

"नाई."

"मंग!" धनराज म्हणाला. जणू हिशेब जुळला.

मयुरीनं भांडायचं म्हणून तोंड उघडलं, पण भांडण आलंच नाही, रडूच आलं. ते त्याच्यासमोर नको म्हणून ती घरी निघून गेली.

निकालात तिचं नाव नव्हतं. धनराजनं दोन दिवस तिच्यासाठी समोसे आणले, मग सगळं पहिल्यासारखं झालं असं त्याला वाटू लागलं. तीन आठवड्यांनी दुसऱ्या भरतीची जाहिरात निघाली. चहा पिता पिता तो म्हणाला, "तुहा फॉर्म भरून टाकतो आज. काई चिंता करू नको."

मयुरीनं कप खाली ठेवला, कपाटातून आपली कागदपत्रं घेतली आणि बाजारात गेली. धनराजच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे चैतूचं दुकान आहे. नवीन, छोटं. त्याच्याकडे जाणाऱ्यांना धनराज हसायचा. त्या दिवशी तिथं पाच-सहा जण ओळीत होते. मयुरी ओळीत उभी राहिली. तिला पाहून ओळीत एकानं दुसऱ्याला कोपर मारलं.

तिचा नंबर आला तेव्हा चैतूच गोंधळला. "वयनी, भाऊच्या दुकानात लाईट गेली का?"

"नाई."

"भाऊ बाहेरगावी गेले?"

"नाई. समोरच बसले हायेत."

सगळ्या माना वळल्या. पलीकडे धनराज उठून उभा राहिला होता. तो रस्ता ओलांडून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मयुरी, घरी चाल. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या."

"अवं, मी भरून देतो नं तुले."

मयुरीनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "चैतू," ती म्हणाली, "खुर्चीवरून उठ जरा. मले वाचू दे."