शिशाचे वाळे

सकाळपासून फुलवंताबाई पाहुण्यांसाठी वडे तळत होत्या. आमगावजवळच्या त्या गावात त्यांच्या आणि नवरा उदेलालजींच्या घरी आज नातीचं वजन होतं.

वजन म्हणजे काय, ते इकडच्यांना सांगावं लागत नाही. अंगात उडणं घेऊन जन्मलेली माणसं घराघरांत आहेत. पोरगा उडाला की पेढे वाटतात. पोरगी उडाली की सोनाराकडून शिसं भरलेले चांदीचे वाळे येतात, घराण्यातली वडीलधारी बाई ते तिच्या पायात घालून खिळा ठोकते आणि मग ते मरेपर्यंत निघत नाहीत. याला आपण कौतुकाने सोहळा म्हणतो, जेवायलाही जातो.

फुलवंताबाईंच्या पायातही वाळे होते. लहानपणी त्या उडायच्या, हे आता कोणाला आठवत नव्हतं. त्यांचा मुलगा टिकेश शिडीशिवाय विजेच्या खांबावर जातो म्हणून त्याला नोकरी लागली, शाल-श्रीफळ मिळालं. मुलगी दुर्गेश्वरी त्याच्याहून उंच जायची. तिच्या पायात फुलवंताबाईंनी स्वतःच्या हाताने खिळा ठोकला होता. गेल्या पावसाळ्यात ती माहेरी आली आणि बोडीवर धुणं धुताना तिचा पाय घसरला. पाणी डोक्याहून जरासंच वर होतं, पण वाळ्यांनी तिला गाळात धरून ठेवलं. आभाळात जाऊ शकणारी पोरगी गावतळ्यातून वर येऊ शकली नाही. लोक पाण्याला दोष देऊन, तेरवीचं जेवून आपापल्या घरी गेले.

आता पाळी टिकेशच्या मुलीची, खुशीची होती. वाळत घातलेल्या धानावरच्या चिमण्या हाकलता हाकलता ती अंगणातून वर उचलली गेली आणि शेजारणीने ते पाहिलं. तिची आई रविता तिला दारं लावून घरात ठेवू लागली, तर पोरीचं डोकं छपराच्या कवेलूंना लागायचं. वाळे नकोत, असं रविताने नवऱ्याला सांगून पाहिलं. वजन नसलेल्या पोरीला सून कोण करील, या उदेलालजींच्या प्रश्नापुढे टिकेशचं काही चाललं नाही. आज तर तो अंगणातूनच उडाला आणि कामावर निघून गेला.

पाहुणे जमले. खुशीला पाटावर बसवलं. फुलवंताबाईंनी वाळ्यांवरचं लाल फडकं उघडलं आणि त्यांचा हात थांबला. वाळ्याच्या काठावर हातोडीचा एक ठोका चुकून पडलेला होता. तो त्यांचाच होता.

"हे दुर्गाचे होत का जी?" त्यांनी विचारलं.

"चांदी अस्सल होती," उदेलालजी म्हणाले. "कायले वाया घालवाची? सोनारानं लहान करून देल्ले."

उदेलालजी दुष्ट नव्हते. नातीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारा माणूस तो. म्हणूनच त्यांचं बोलणं ऐकून अंगावर काटा येतो.

खुशीने शहाण्यासारखा पाय पुढे केला. दुर्गेश्वरीनेही असाच केला होता. फुलवंताबाईंनी हातोडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"पान्यानं नाई, माही पोरगी मीच बुडवली," त्या म्हणाल्या. "आता हे माह्यानं होत नाई."

मग उदेलालजींनी खिशातून फोन काढला, बहिणीला लावला आणि बोलणं झाल्यावर ते बायकोकडे वळले.

"तू नाई त माही मोठी बहीन ठोकते. दुपारच्या गाडीनं येते ते."

एवढंच सोपं होतं ते. एक हात मागे झाला की दुसरा तयार असतो. फुलवंताबाईंनी पाहुण्यांच्या कोऱ्या भिंतींसारख्या चेहऱ्यांकडे एकदा पाहिलं, उंबऱ्यावर बसल्या आणि आपला पाय पुढे करून सुनेला म्हणाल्या, "सूनबाई, ते येतवरी माह्या पायातला खिळा काढ."

रविता हातोडीने तो उलट्या बाजूने ठोकू लागली. गंजलेला खिळा हलेना. घोट्याजवळची कातडी सोलून निघाली, तरी फुलवंताबाईंनी पाय मागे घेतला नाही. पंगतीतल्या बायांनी लुगड्याचे काठ आपल्या पायांवर ओढून घेतले.

बहीण गाडीत बसली आहे. खिळा अजून निघालेला नाही. खुशी पाटावरून हातभर वर तरंगते आहे, आणि तिला खाली ओढायचं की फुलवंताबाईंचा खिळा काढायला हात लावायचा, हे अंगणात बसलेल्या प्रत्येकाने ठरवायचं आहे.