गोदामाईचे पाणी आणि माझ्या पोटातला समुद्र

मित्रांनो, मी काचेची एक जुनी टाकी आहे. माझी एक कड खरवडलेली आहे. तरीही माझ्या पोटात एक लहानसा समुद्र नांदतो. जालन्याहून खरा समुद्र फार दूर, म्हणून मला त्याचा थोडा अभिमानही आहे.

एका कारागिराने पाच काचा जुळवून मला घडवले. प्रथम मी एका दवाखान्यात होते. माझ्यातले सोनेरी मासे पाहून रडणारी मुले उगी राहत. पुढे दवाखाना बंद झाला आणि सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांखाली मी गच्चीवर पडून राहिले. चिमण्यांखेरीज मला कोणी विचारीना.

तेथून मला माशांची हौस असलेल्या तृप्तीने घरी आणले. तिने मला लिंबाने घासले, खास मीठ मापून पाण्यात विरघळवले, खडक रचले. मग दोन केशरी पट्टेदार मासे, एक निळा मासा आणि काही गोगलगायी माझ्याकडे राहायला आल्या. तिचा नवरा राधेश्याम थट्टेने म्हणे, “माणसांनी टँकरचं पाणी प्यायचं, अन् माशांना घरात समुद्र!” पण कामावरून परतल्यावर तोच आधी माझ्यापुढे येऊन बसे.

अशातच त्याच्या मातोश्री उषाबाई घनसावंगीहून राहायला आल्या. आयुष्यात त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी माझ्यात बोट बुडवून चव घेतली आणि भक्तिभावाने हात जोडले. सोबत त्यांनी गोदावरीचे पाणी तांब्याच्या मोठ्या गडूत भरून आणले होते. सून कामाला गेली की पूजा आटोपून त्या गडूतले थोडे पाणी रोज माझ्यात सोडीत. नदीने सागराला मिळावे, एवढाच त्यांचा भाव. मलाही त्यात धन्यता वाटे.

मग एके सकाळी गोगलगायी माझ्या काचेवरून सुटून तळाशी पडल्या. पाठोपाठ निळा मासा गेला. केशरी जोडी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागली. तृप्तीने मीठ तपासले, उष्णता तपासली. सारे यथायोग्य होते. तिला जेवण गोड लागेना. हे दोघेही गेले तर टाकी पुन्हा भरायची नाही, असे ती राधेश्यामला म्हणाली. ते ऐकून मला गच्चीवरची पोती आठवली.

तिने मासेविक्रेत्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पाण्यात तांबे तर गेले नाही ना, असे त्याने विचारले. तांब्याचा अंश खाऱ्या पाण्यातल्या जीवांना विषासमान असतो, गोगलगायी तर त्याने आधी मरतात, असे तो सांगत होता. घरात तसे काही घडलेच नाही, असे तृप्ती म्हणाली. उषाबाई देवघराच्या दाराशी उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि गडू घेऊन बाहेर आल्या.

“तृप्ती, ह्यातलं पाणी मी रोज वतून राह्यले व्हते गं. गोदामाई समुद्राला भेटंल म्हणलं. पुण्य समजून केलं माय.”

मला वाटले, आता या घराला तडा जाणार.

तृप्तीने त्यांच्या हातातला गडू घेऊन हळूच खाली ठेवला. “आई, सांगितलं ते लई बरं झालं. आता इलाज तरी बराबर करता येईल. चला, बादली धरा.”

मग सासू-सुनांनी ताजे खारे पाणी तयार केले. प्लास्टिकच्या टबात ते भरून केशरी जोडी त्यात हलवली आणि हवेची नळी सोडली. राधेश्यामने मला रिकामे करून घासले. उषाबाई टबाजवळून उठेनात. दुसऱ्या दिवशी एका माशाने पाण्यावरचा दाणा टिपला, पाठोपाठ दुसऱ्याने.

“खाल्लं बघ,” उषाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपत हसू लागल्या.

निळा मासा आणि गोगलगायी परत येणार नाहीत, हे मी जाणते. तरीही आज माझ्यात नवे पाणी आहे, नवे खडक आहेत, आणि ती केशरी जोडी निश्चिंतपणे विहरते आहे. माझाही जीव भांड्यात पडला आहे.

मित्रांनो, मुक्या जीवांना तुमच्या हातचे काहीही नाकारता येत नाही. तुम्ही द्याल त्यातच त्यांना श्वास घ्यावा लागतो. म्हणून प्रेमाने देतानाही आधी जाणत्याला विचारा. आणि चूक झालीच, तर उषाबाईंसारखे वेळीच सांगा. त्यांच्या त्या एका वाक्याने दोन प्राण वाचले.