पतीच्या नावाचा रकाना

उदगीरजवळच्या एका गावात, मठाच्या ओसरीवर, सुकन्याचा मोबाईलवर्ग भरायचा. चौदा बायका, चौदा फोन. शुक्रवारी तालुक्याचे साहेब येणार होते. दहा जणींनी कुणाच्या मदतीवाचून अर्ज भरला तर वर्ग चालू, नाहीतर बंद.

बायका हुशार. बोटं अडखळायची, म्हणून सुकन्यानं बोलून लिहायचं बटण शिकवलं. गाव, वय, शिक्षण, सगळं फोन ऐकून लिहून घ्यायचा. मग यायचा पतीच्या नावाचा रकाना, आणि ओसरी गप्प. दानम्मा निमूट आपला फोन नीलम्मापुढं धरायची. नीलम्मा दानम्माच्या मालकाचं नाव सांगायची, दानम्मा नीलम्माच्या. अर्ज चौदाही भरले, पण एकीचाही एकटीचा नाही.

"फोनाची कसली लाज, मावशी?" बुधवारी सुकन्यानं विचारलं.

"फोनाची न्हाई गं, माझ्याच कानाची हाय," दानम्मा म्हणाली. "चाळीस वर्सं झाली, मोकळं नाव घेतलं न्हाई."

"मग लग्नात?"

"तवा उखाण्यात घेतलं की."

सुकन्यानं फोन तिच्या हाती दिला. मग म्हणाली, "आताही तसंच घ्या."

दानम्मानं डोक्यावरचा पदर सावरला, फोन ओठांशी नेला.

"शिवाच्या पिंडीला बेलाची पानं अकरा,
चन्नबसप्पांचं नाव घेते, फोनापुढं कशाला नखरा."

रकान्यात अख्खा उखाणा उमटला. बायका हसून हसून लोळल्या. सुकन्यानं पुसायचं बटण दाखवलं, बोट कुठं टेकवायचं तेही. नावामागून आलेला नखरा गेला, फोन गेला. मग नावाआधीचं पुसताना दानम्मा बेलापाशी थबकली.

"देवाचा बेल पुसू का गं?"

"वाहून झालाय तो, मावशी."

बेलही पुसला. काचेवर एकच नाव उरलं, नुकत्याच लावलेल्या विभूतीसारखं ठसठशीत.

शुक्रवारी साहेब आले तेव्हा मठाचं लग्नघर झालं होतं. कुणी खांबाआड, कुणी पायरीवर, कुणी बेलाच्या झाडाखाली. जी ती आपल्या फोनात नाव गुंफत होती, नको ते पुसत होती. साहेबांनी अर्ज मोजले. चौदाच्या चौदा.

त्यांनी सहीला पेन काढलं, तशी दानम्मा आडवी आली. "आधी तुमच्या बाईसाहेबांचं नाव घ्या. तुमालाबी मदत मिळायची न्हाई."

साहेब लाजले, अडखळले. पहिला उखाणा जुळला नाही. बायकांनी दुसरा घ्यायला लावला. तो जुळला, तेव्हाच सही झाली.