समासातला एकतीस नंबर

मित्रांनो, माझा पुठ्ठा निघाला आहे आणि पानापानावर सूर्यफुलाच्या खारवलेल्या बियांचे डाग आहेत. मी नेब्रास्कातल्या एका छोट्या कॉलेजची बेसबॉलची जुनी स्कोअरवही आहे.

संघाच्या नोंदी ठेवणाऱ्या व्होपाटबाई बिया चघळत एकेक चेंडू माझ्यात टिपायच्या आणि शेवटी पंचांची सही घ्यायच्या. संगणक आल्यावर पोरं चिडवायची, "बाई, वही आता संग्रहालयाला द्या!"

"देईन की. तुझे सुटलेले झेल जगाला दिसू देत," बाई म्हणायच्या.

माझ्यात एक हंगाम भरला, बाई निवृत्त झाल्या आणि मला कॉलेजच्या कोठीत फुटक्या हेल्मेटांच्या खोक्यात टाकलं गेलं. दोन वर्षं मी तिथे धूळ खात पडले. फार वाईट वाटायचं.

माझ्याच हंगामात वेस्ली हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोपराच्या ऑपरेशनमुळे एकही सामना खेळला नव्हता. कॉलेजात खेळायला चारच हंगाम मिळतात, पण न खेळलेला शिल्लक राहतो. आता चौथ्या वर्षी त्याचा चेंडू असा सुटत होता, की व्यावसायिक संघांची माणसं मैदानावर खेटे घालू लागली. हे संघ फेरीमागून फेरी खेळाडू निवडतात, आणि फेरी जितकी आधीची तितके पैसे जास्त. त्या निवडीला आठवडा उरला असताना त्यांतलाच एक म्हणाला, "बाळा, संगणकात तू तेव्हाही एका फलंदाजाला चेंडू टाकलेले दिसतात. तुझे चारही हंगाम संपले. कॉलेजचा रस्ता बंद, तेव्हा आम्ही देऊ ते मुकाट्याने घे."

वेस्लीने धावत बाईंचं घर गाठलं. "बाई, मी तर हात गळ्यात बांधून बसलो होतो हो!"

"माझ्यासमोरच बसला होतास. रडतोस काय? चल, कॉलेजच्या कोठीतली खोकी उपस."

बाईंनी मला बाहीने पुसलं, पान काढलं आणि समास मोठ्याने वाचला, "ब्रॉडीचं नाक फुटलं. शर्टला रक्त. वेस्लीचा एकतीस नंबरचा शर्ट घालून चेंडू टाकतोय." खाली पंचांची सही. संगणकावरच्या पोराने नुसता नंबर पाहून ब्रॉडीचे चेंडू वेस्लीच्या नावावर टाकले होते!

कॉलेजने ते पान कॉलेज-खेळांच्या मंडळाकडे पाठवलं. निवडीच्या आदल्या दिवशी वेस्लीचा हंगाम त्याला परत मिळाला. मी खोक्यातून थेट बाईंच्या मांडीवर आले.

निवडीच्या दिवशी फेऱ्या सुरू होताच बाईंच्या घरी बसलेल्या वेस्लीला एका संघाचा फोन आला. "सतराव्या फेरीत घेऊ. चालेल?"

"नाही चालणार. माझा एक हंगाम बाकी आहे. मी कॉलेजात परत जाईन."

बाईंच्या घशात बी अडकली. अर्ध्या तासाने फोन पुन्हा वाजला. "पाचव्या फेरीत घेतोय. आता तरी हो म्हण, बाबा!"

वेस्ली एवढ्या जोरात "हो!" ओरडला, की शेजारची कुत्री भुंकायला लागली. पुढे कराराचा कागद त्याने माझ्यावर ठेवला आणि सही केली. त्या दाबाने माझी उरलेली शिवणही उसवली, पण मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

मित्रांनो, जुनी वही फेकण्याआधी तिचे समासही वाचा. माझ्या समासात एका मुलाचं अख्खं वर्ष सांभाळून ठेवलेलं होतं.