रडणारी गाडी आणि गुलाबाचा वास

माझ्या उरल्यासुरल्या दातांची शपथ घेऊन सांगते, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर तेही पडोत!

त्या सकाळी काकूंच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीवर माणसं, जिन्यावर माणसं. शेजारच्या शिंपिणीने खिडकीच्या गजांतून डोकं बाहेर काढलं होतं, ते आता आत जाईना. सगळे बघत होते काकांच्या जुन्या गाडीकडे. लांब नाक, बटबटीत डोळे, काकांच्या लग्नाच्याही आधीची. काकू तिला सवत म्हणायच्या.

ही सवत रडायला लागली होती. म्हणजे मागच्या बाजूने टपटप पेट्रोल गळायचं. मग कुठूनसे एक महाराज उगवले. तुकतुकीत गाल, पांढरीशुभ्र कफनी.

"गळत नाही रे, रडतेय ती! तिला माझ्या सेवेत यायचंय!"

चादरीचा आडोसा करून ते गाडीखाली शिरले, काहीबाही पुटपुटले आणि बाहेर आले. टपटप बंद! वर महाराजांच्या अंगाला गुलाबाचा घमघमाट. लोक येडेच झाले. महाराजांनी बजावलं, गाडीला पाण्याचा थेंब लावायचा नाही आणि लवकरात लवकर ती माझ्या दारात सोडायची. नाहीतर आसवांच्या जागी रक्त येईल.

त्या सकाळी गाडी न्यायला महाराज स्वतः आले होते. काकूंना खरं तर हायसं वाटायला हवं होतं, सवत परस्पर चालली होती! पण काकांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पहाटेच उठून गाडीत बसायचे, नुसता स्टिअरिंगवरून हात फिरवत. ते काकूंना बघवेना. शिवाय एक गोष्ट डोक्यात कुसळासारखी रुतली होती. पेट्रोलच्या टाकीखाली लोळलेल्या माणसाला गुलाबाचा वास कसा?

म्हणून त्यांनी भाचीला बोलावून घेतलं. भाची दातांची डॉक्टर.

"मावशी, मी गाड्या नाही बघत गं."

"कीड बघतेस ना? मग शीर खाली."

भाचीने आधी भक्तांनी गाडीभोवती लावलेल्या मेणबत्त्या फू फू करून विझवल्या. "पेट्रोलजवळ मेणबत्ती? चमत्कार राहू दे, उद्या तुमचे फोटो भिंतीवर लागतील!" मग पर्समधून नवाकोरा टूथब्रश काढला, तो बादलीत बुडवला आणि उताणी सरकली गाडीखाली.

"पाणी नको! पाणी नको!" महाराज किंचाळले.

"का हो? सर्दी होते का तिला?" काकूंनी विचारलं.

खालून खसखस आवाज आला आणि पांढरा फेस गळायला लागला.

"दूध! गाडीला पान्हा फुटला!" शिंपीण ओरडली.

मग लाल पाणी आलं. जमाव मागे हटला. काकांनी गाडीची किल्ली महाराजांपुढे धरली. "बघितलंत, रक्त! मी सांगितलं नव्हतं?" महाराज गरजले.

भाचीने ते लाल पाणी काकांच्या तळहातावर सोडलं. "चोळून बघा."

काकांनी चोळलं. बोटांना खरखर लागली. "हा तर... गंज!"

"आणि तो फेस साबणाचा. आता वास घ्या."

"गुलाब," काका पुटपुटले.

"पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून तो भोकात तग धरतो. पाण्यात विरघळतो, म्हणून महाराजांना पाण्याची धडकी. तुमच्या टाकीचा पत्रा कुजलाय, काका. किडलेल्या दातात च्युइंगम कोंबून भागतं का? तो काढावाच लागतो."

तेवढ्यात टप... टप... सवत पुन्हा रडायला लागली. यावेळी कुणी हात जोडले नाहीत. काकांनी बादली खाली सरकवली आणि किल्ली खिशात टाकली. महाराज त्या फेसावरून असे घसरले की बसल्या बसल्या थेट फाटकाबाहेर! मागे कफनीची एक लांबलचक रेघ.

मग गॅरेजवाला आला. त्याने पेट्रोल काढून घेतलं, पट्टे सोडले, टाकी उतरवली. रिकामी टाकी उन्हात धरली तर चाळणीसारखे कवडसे पडले. काकांनी शोधाशोध करून नवी टाकी आणली, नवे पाइप, नवी पॅकिंगं. गळ्यापर्यंत पेट्रोल भरलं, खाली कोरडा पुठ्ठा ठेवला आणि शेजारी उकिडवे बसून राहिले. पुठ्ठा कोरडाच राहिला.

"चला, सवतीला फिरवून आणा," काकू म्हणाल्या.

"तू पुढे बस," काका म्हणाले. काकूंनी आढेवेढे घेतले, पण पदर आधीच खोचला होता.

तर बाबांनो, काही गळत असेल तर आधी खाली वाकून बघा कुठून गळतंय ते. हात जोडायचेच तर नंतर जोडा. आणि कुणी म्हणालं की इथे पाणी लावू नका, इथे बघू नका, तर नेमकं तिथेच बघा.

आणि हो, महाराज घसरले ते माझ्या पदरचं. ते आपल्या पायांनी चालत गेले, तेही मान वर करून. पण घसरायला हवे होते की नाही, तुम्हीच सांगा!