अंबाबाईचं हसू

राजेश्वरीच्या घरी तान्ह्या बाळाला कुणी हसवत नसे. गालाला बोट लावायचं नाही, चुटकी वाजवायची नाही. बाळाला हसवणं हे अंबाबाईचं काम.

अंबाबाई म्हणजे या घराण्यातली जुनी सून. तंजावरच्या दरबाराची चाकरी सुटली आणि घर कुंभकोणमला आलं, त्या पिढीतली. पहिल्या बाळंतपणात ती गेली, पोटातलंही गेलं. तेव्हापासून घरात जन्मलेलं प्रत्येक मूल तिला आपलंच वाटतं. ती पाळण्याशी येते, बाळाला हसवते, आणि ते हसू मग ओठांवरून उतरतच नाही. जबडा घट्ट बसतो, दूध आत जात नाही. कुणी हात लावला, कुठं भांडं वाजलं, की तेवढासा देह धनुष्यासारखा मागं वाकतो. तिच्याकडे बघायला वाकतो, म्हणत.

कावेरीच्या पैल । कोणाची सावली
दुधानं भिजली । अंबाबाई

तिला लांब ठेवायचे दोन उपाय चालत आले होते. वळैकाप्पूत, म्हणजे तिकडच्या डोहाळजेवणात, गर्भारणीला बांगड्या भरल्या, की पुढं तिच्या अंगाला लोखंड लागू द्यायचं नाही. विळी नाही, सुई नाही. दाईनं अंबाबाईवर कोयती चालवली होती, लोखंडाच्या वासानं ती जागी होते. आणि मूल जन्मलं, की गोठ्यात तिच्या नावाचा दगड होता, त्याच्यापुढची शेणीची राख बाळाच्या बेंबीवर दाबायची. नाळ गळेपर्यंत रोज. एवढं करूनही तिनं मूल नेलंच, तर रडायचं नाही. रडणं ऐकून ती पुन्हा येते.

राजेश्वरीचा पहिला मुलगा असाच गेला. ती रडली नाही. दुसरा, मुरली, पोट कापून झाला. इस्पितळातून घरी यायला इतके दिवस लागले, की त्याची नाळ तिथंच गळून गेली. राख लावायला जागाच उरली नाही, तरी तो जगला. फिनाइलचा वास अंबाबाईला सोसत नाही, असं सासूबाई म्हणाल्या होत्या.

आता मुरलीच्या बायकोला, अक्षयाला, सातवा महिना होता. लग्न होऊन आली तेव्हा ती या गोष्टीला हसली होती. आता हसत नसे. गोठ्यात गाय केव्हापासूनच उरली नव्हती, स्कूटर उभी असे. भर दुपारी ती स्कूटर काढायला गेली, की तिला तिथं कोमट दुधाचा वास यायचा.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याला तिला तपासायला बोलवत. या खेपेला राजेश्वरी बरोबर गेली, पहाऱ्याला.

"काय अम्मा, सुनेला राखायला आलात की मला?" नर्स सौंदर्या तमिळमध्ये म्हणाली. "धनुर्वाताची दुसरी सुई राहिलीय हिची. पहिली घेऊन महिन्यानं घ्यायची होती."

"मध्यें बांगड्या भरल्या. आतां अंगाला लोखंड चालत नाही."

"लोखंड कुठलं? स्टीलची सुई आहे."

"स्टील म्हणजे लोखंडच की. शाळा शिकून आलेलं."

बाकावरच्या दोघीतिघी हसल्या. सौंदर्याही हसली. "सरि, बरं अम्मा, टेका जरा. मी वजनं उरकून येते. पण आज तुम्हांला सोडायची नाही."

अक्षयानं सासूचा हात धरला आणि घरच्या मराठीत हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी घेतें ना सुई."

"घे. मग पाळण्याशी बसून तिला तूंच सांग, येऊं नको म्हणून. मला सांगतां आलं नाही."

अक्षयानं हात सोडला. तिला सुई हवी होती, आणि दुधाच्या त्या वासाची भीतीही वाटत होती.

समोर भिंतीवर टीव्ही चालू होता. आधी हात धुण्याची चित्रं आली, मग पालेभाज्यांची. राजेश्वरी अर्धवट बघत होती. मग पडद्यावर एक बाळ आलं. उघडं, काळंसावळं, मुठी आवळलेल्या. पाठ मागं वाकलेली. ओठ दोन्हीकडे ताणलेले, भुवया वर चढलेल्या. ते हसत होतं.

राजेश्वरी उठून उभी राहिली. पिशवी मांडीवरून खाली पडली.

इतक्या वर्षांत ते हसू तिनं दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. डोळे मिटले की दिसायचं, तेवढंच.

"सौंदर्या!" ती ओरडली. "तें कोणाचं पोर?"

"कुठलं अम्मा?"

"तें पेट्टीतलं! कोणत्या घराण्याचं? आपल्या मराठ्यांचं का? तंजावरचं?"

सौंदर्यानं मान वळवून पाहिलं. "कुणास ठाऊक. परदेशातलंही असेल. जुनी फिल्म आहे."

"परदेशांत ती कशी जाईल?"

"कोण?"

राजेश्वरी पडद्याजवळ गेली. अंबाबाई या घराची. या पाळण्याची, या दगडाची. गल्लीतल्या शेजारच्या घरीसुद्धा ती कधी गेली नव्हती.

"तें हसतंय," ती म्हणाली.

"हसत नाही, अम्मा." सौंदर्या वजनकाट्याकडून आली, तिला धरून बसवलं. "धनुर्वात आहे तो. तोंडाचे स्नायू आखडलेत. हसू वाटतं, पण त्याला दुखतंय. सगळं कळतंय त्याला, आणि दुखतंय."

राजेश्वरीनं तोंडाला पदर लावला.

"तो घाणीतून होतो. मातीत, शेणात जंतू असतात. चुलीत शेणी जळली तरी सगळे मरत नाहीत, राख उघड्यावर पडली की नवे बसतात. नाळेची जखम ओली असते. तिच्यावर राख दाबली, शेण लावलं, गंजक्या कोयत्यानं कापली, की आत शिरतात. म्हणून नाळेला काहीच लावायचं नाही, कोरडी ठेवायची. आणि आईनं वेळेवर सुया घेतल्या, तर आईच्या रक्तातली राखण पोटातच बाळापर्यंत पोचते. जन्मताना बाळ ती अंगावर घेऊनच येतं."

राजेश्वरी ऐकत होती की नाही, कळेना. सासूबाईंचा आंगठा दिसत होता तिला, राखेनं करडा झालेला. तिचं पहिलं बाळ पाय झाडत होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, धर गे नीट. तिनं धरले होते. इवल्या टाचा तिच्या मुठीत होत्या.

"म्हणजे तिनं नाही नेला," ती मराठीतच म्हणाली. "गे अक्षया, तिनं नाही नेला. तीही त्या कोयत्यानं अशीच... आणि आम्ही इतक्या पिढ्या तिलाच शिव्या देत राहिलों."

"आत्याबाई, बसा, पाणी घ्या."

"पाणी नको. दंड उघडा कर."

अक्षयानं बाही वर केली. सौंदर्यानं सुई भरली. राजेश्वरीनं सुनेचा दुसरा हात दोन्ही हातांत घेतला, आणि सुई आत जाताना डोळे मिटले नाहीत. बघत राहिली.

"झालं," सौंदर्या म्हणाली. "थोडा वेळ बाकावर बसा, मग जा. दंड दुखेल, घाबरू नका."

दोघी बसल्या. टीव्हीवर आता कुणी नाचणीची खीर ढवळत होतं.

"अक्षया," राजेश्वरी म्हणाली, "घरीं राख कोणी लावूं म्हणालं तर माझं नांव सांग. नाहीं म्हणाल्यें म्हणून सांग."

"सांगेन."

"त्याला जावळ होतं. खूप. कानांवर यायचं."

अक्षया तिच्याकडे वळून बसली.

"डाव्या अंगालाच प्यायचा. उजव्याला घेतला की मान फिरवायचा, हट्टी. नांव नव्हतं ठेवलं अजून, म्हणून मी त्याला..."

आधी तिचे खांदे हलले, मग आवाज फुटला, रुंद, जुना, आतून खरवडून आलेला. बाहेर ती नेहमी तमिळ बोले. आता भर दवाखान्यात ती मराठीत रडत होती, आणि रडता रडता तिचे शब्द आपसूक तालावर पडत होते.

माझ्या राजसाचं । जावळ गं दाट
पाहतें मी वाट । दुखलं का रे

बाकावरच्या बायका सरकल्या, तिला जागा करून दिली. एकीनं अक्षयाला तमिळमध्ये विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"पाळणा," अक्षया म्हणाली.